बहिणाबाईंच्या गाण्यांतील शेतकाम : ‘पेरनी’ ते ‘उपननी’

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचा ‘बहिणाबाईची गाणी’ हा संग्रह १९५२ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून त्याचा विचार प्रामुख्याने निरक्षर प्रतिभेचा चमत्कार आणि मन व संसार यांविषयीचे सहजस्फूर्त चिंतन या दोन अंगांनी होत आला. शेतीची गाणी बहुधा ‘निसर्गकविता’ या सदरात पडली. हे वर्गीकरण सदोष आहे. ‘पेरनी’, ‘कापनी’, ‘रगडनी’, ‘उपननी’ ही नावे निसर्गाची नव्हेत, कामांची आहेत.

खानदेशातील शेतकऱ्याचे वर्ष ज्या क्रमाने सरते, त्याच क्रमाने ही गाणी वाचता येतात. ‘पेरनी’त पावसाळी वाऱ्यासोबत पक्ष्याची साद ऐकू येते, ती वातावरणनिर्मितीसाठी नव्हे, ती पेरते होण्याची सूचना आहे. ‘कापनी’त मार्गशीर्ष लागतो आणि डाव्या डोळ्याची पापणी लवते. स्त्रीच्या बाबतीत हा शुभशकुन मानला जातो. येथे पंचांगातला महिना राबणाऱ्या देहावर उमटतो. ऋतुवर्णनाच्या नागर परंपरेत असे क्वचितच घडते.

‘रगडनी’ आणि ‘उपननी’ यांत तर संबोधनच रचनेचा कणा होते. खळ्यात तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलाला पाय उचलण्याची विनवणी केली जाते, तीही वडीलधाऱ्याला करावी तशी. धान्य वाऱ्यावर धरले की जड दाणा जवळ पडतो व भूस दूर उडते. वारा पडला तर काम थांबते. म्हणूनच मारुतीशी असलेले त्याचे नाते आठवून देत वाऱ्याला बोलावले जाते. याला ‘चेतनगुणोक्ती’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु बैल आणि वारा हे येथे अलंकाराचे विषय नसून कामातले भागीदार आहेत, आणि त्यांच्यावाचून रास पडत नाही.

या गाण्यांची मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्यांतील आवाज स्वतःचे शेत कसणाऱ्या घरातील स्त्रीचा आहे; परक्या बांधावर रोजंदारीने राबणाऱ्या बाईचे वर्ष या चार गाण्यांतून उलगडत नाही.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. त्याच परिसरातील विद्यार्थ्यालाही आज ‘तिवडा’ समजावून सांगावा लागतो. मळणीयंत्रात रगडणी व उपणणी एकदमच उरकतात. वारा यंत्रातल्या पंख्याचा असतो. त्याचे आर्जव करावे लागत नाही.