व्यायामाच्या धड्यातला भूतकाळ

इटालियन शिकवणाऱ्या जवळपास प्रत्येक पुस्तकात आणि प्रत्येक ऑनलाइन तासात एक धडा हमखास येतो. काल तू काय केलंस? काल मी बागेत धावले. माझी सायकल जुनी आहे. माझी बहीण योगा करते, माझे भाऊ फुटबॉल खेळतात. व्यायाम हा विषय शिक्षकांना सोयीचा वाटतो, कारण त्यात भांडण नाही, पैसा नाही, राजकारण नाही. शिवाय एका दगडात दोन पक्षी : ‘माझा-माझी-माझे’ची रूपंही होतात आणि भूतकाळही.

मराठी माणसाला हा धडा सुरुवातीला फार जड जात नाही. आपल्याकडे ‘माझा भाऊ, माझी सायकल, माझे बूट’ असं नामाप्रमाणे बदलतं, तसंच तिकडे ‘इल मिओ’, ‘ला मिआ’, ‘इ मिएई’. ‘मी गेलो, मी गेले’ हा फरक आपण रोज करतो. तोच ‘सोनो अंदातो, सोनो अंदाता’. पण पुढे गाडी अडते. ‘मी तासभर धावले’ म्हणताना इटालियन ‘असणे’चं नाही, ‘जवळ असणे’चं सहायक क्रियापद घेतं : ‘ओ कोर्सो’. बोलणारी बाई की पुरुष, हे त्यात कळत नाही. ‘मी धावत घरी गेले’ म्हणायचं असेल तर तेच ‘धावणे’ दुसरं सहायक क्रियापद घेतं : ‘सोनो कोर्सा आ काझा’. आता बाई दिसते. म्हणजे नुसता व्यायाम म्हणून धावलात तर एक रूप, कुठे तरी पोचायला धावलात तर दुसरं.

हा नियम पहिल्यांदा कळला तेव्हा मला वाटलं, या धड्यात काहीतरी लपवलंय. पुस्तकातली माणसं फक्त पहिल्या रूपात धावतात. त्यांना कुठेच पोचायचं नसतं आणि त्यांच्या मागे कुणी लागलेलं नसतं. चालणं, पोहणं, ‘माझे वडील’ आणि भूतकाळ या चार गोष्टी खऱ्या माणसांच्या हाती आल्या की काय होतं, हे पाहायचं तर दोन लेखिकांकडे जावं लागतं.

पहिली झुंपा लाहिरी. घरात बंगाली, बाहेर इंग्रजी अशी अमेरिकेत वाढलेली ही लेखिका 2012 साली रोमला राहायला गेली आणि तिनं थेट इटालियनमध्ये लिहायला घेतलं. 2015 साली आलेलं ‘इन आल्त्रे पारोले’ हे पुस्तक म्हणजे एका विद्यार्थिनीची वहीच आहे. त्याची सुरुवात पोहण्यानं होते. एक लहानसं तळं आहे, ते पार करायचंय, पण बरेच दिवस ती काठाकाठानंच पोहते. शेवटी एकदा मधून पोहून पलीकडे जाते. काठ म्हणजे इंग्रजी, पलीकडे इटालियन.

रूपक सुबक आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. हे पोहणं पाठ्यपुस्तकातल्या पोहण्यासारखंच आहे : सुरक्षित, ऐच्छिक, आणि पलीकडचा काठ हमखास मिळणारं. पुस्तक खरं पकड घेतं ते ‘इम्पेरफेत्तो’वरच्या प्रकरणात. ‘इम्पेरफेत्तो’ म्हणजे रीतीचा, चालू राहिलेला भूतकाळ. तो कुठे वापरायचा आणि पूर्ण झालेला भूतकाळ कुठे, हे लाहिरीला काही केल्या जमत नाही. त्या न जमण्यातून ती स्वतःच्या अपुरेपणाकडे येते. इथे रूपक शोधावं लागत नाही, व्याकरणच बोलतं.

आपल्याला हा काळ अर्धा फुकट मिळालाय. ‘बाबा म्हणाले’ आणि ‘बाबा म्हणायचे’ यांत आपण कधी गोंधळत नाही. मात्र ‘होतं’पाशी आपणही फसतो. ‘काल पोहणं मस्त होतं’ आणि ‘तेव्हा पाणी गार होतं’ यांत आपलं ‘होतं’ एकच, इटालियनमध्ये दोन. एक संपलेला अनुभव, दुसरी न संपणारी पार्श्वभूमी. तासाला शिक्षिका प्रत्येक वेळी विचारायची, ‘ते संपलं का?’ आणि मला उत्तर द्यायला वेळ लागायचा.

दुसरी लेखिका नतालिया गिन्झबुर्ग. 1963 सालचं तिचं ‘लेस्सिको फामिल्यारे’ म्हणजे तुरिनमधल्या एका घराच्या बोलण्याची गोष्ट. घरातले ठरलेले शब्द, तीच तीच वाक्यं, वडिलांच्या शिव्या, आईचे किस्से. वडील ज्युझेप्पे लेव्ही शरीररचनाशास्त्राचे नामवंत प्राध्यापक. त्यांच्या तीन विद्यार्थ्यांना पुढे नोबेल मिळालं. घरात मात्र ते पहाटे उठणारे, गार पाण्यानं अंघोळ करणारे आणि सगळ्यांना डोंगरात तंगडतोड करायला लावणारे गृहस्थ. डोंगरात शहरी बूट घालून येणाऱ्यांचा त्यांना तिटकारा. पोरं कंटाळलेली, आई टोमणे मारणारी, आणि तरी चालणं चालूच.

म्हणजे विषय तोच : कुटुंब आणि व्यायाम. व्याकरणही तेच. इटालियनमध्ये सायकल, बूट, घर यांच्या आधी ‘माझा’सोबत एक उपपद लागतं, पण वडील, आई, भाऊ अशा जवळच्या एकेकट्या नात्यापुढे ते गळून पडतं. ‘ला मिआ बिचिक्लेत्ता’, पण नुसतं ‘मिओ पाद्रे’. गिन्झबुर्गच्या पुस्तकात ‘मिओ पाद्रे’ आणि ‘मिआ माद्रे’ इतक्यांदा येतात की तो नियम पाठ करावा लागत नाही. त्यांच्या जोडीला सतत ‘म्हणायचे’, ‘म्हणायची’. मराठीत आपण बहुतेक ‘आमचे बाबा म्हणायचे’ असं लिहिलं असतं. ‘आमचे’त सगळं घर मागे उभं राहतं. ‘मिओ पाद्रे’त लेखिका एकटी आहे, आणि पुस्तकात स्वतःबद्दल ती जवळजवळ बोलतच नाही. तिचं अस्तित्व बऱ्याचदा त्या ‘मिओ’पुरतंच उरतं.

मग त्याच घरात पोहणं येतं. 1934 साली तिचा भाऊ मारिओ फॅसिस्टविरोधी पत्रकं घेऊन स्वित्झर्लंडहून परत येत असताना सीमेवर पकडला जातो आणि त्रेझा नदीत उडी टाकून पोहत पुन्हा स्वित्झर्लंडला पोचतो. अंगात ओव्हरकोट. नंतर वडिलांना आणि दुसऱ्या भावाला अटक होते. आई मात्र पुनःपुन्हा त्या कोटाचंच नवल करत राहते. हेही एक पार करणं आहे, लाहिरीच्या तळ्यासारखंच. पण इथे पलीकडच्या काठाला अर्थ आहे, कारण अलीकडे परतायची सोय उरलेली नाही. गिन्झबुर्ग त्याचं रूपक करत नाही. त्या प्रसंगालाही ती घरच्या किस्स्यांच्या रांगेत बसवते.

आणि चालणंही परत येतं. तिचा नवरा लेओने गिन्झबुर्ग याला फॅसिस्ट सरकारनं आब्रुत्सो भागातल्या एका गावी स्थानबद्ध केलं होतं. त्या दिवसांवर तिनं 1944 साली ‘इन्व्हेर्नो इन आब्रुत्सो’ हा छोटा लेख लिहिला. त्यात ती दोघं रोज बर्फातून हातात हात गुंफून फिरायला जायची. लेखाचा मोठा भाग असा ‘जायचो, भेटायचे, म्हणायचे’ या चालीवर जातो. वाचताना वाटतं, हे असंच चालू राहणार. मग शेवटाकडे कळतं की नवरा रोमच्या रेजिना चेली तुरुंगात मेला. फेब्रुवारी 1944. रीतीचा भूतकाळ एका झटक्यात संपलेला भूतकाळ होतो. ‘ते संपलं का?’ या माझ्या शिक्षिकेच्या प्रश्नाचं इतकं कठोर उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

म्हणून गिन्झबुर्ग थोर आणि लाहिरी किरकोळ, असं म्हणायचं नाही. लाहिरीकडे एक गोष्ट आहे जी गिन्झबुर्गला कधी लागलीच नाही : भाषा आपली आहे का, हा प्रश्न. सालेर्नोच्या एका दुकानात विक्रेती तिच्या नवऱ्याच्या इटालियनचं कौतुक करते, कारण तो दिसायला इटालियन वाटतो. प्रत्यक्षात भाषा हिला जास्त येते. ‘इल मिओ इतालिआनो’, माझी इटालियन, हे लाहिरीला सतत सिद्ध करावं लागतं. ‘मिओ पाद्रे’तलं उपपद आपोआप गळतं, भाषेपुढचं कधी गळत नाही. व्याकरणानुसारही नाही आणि दुकानातही नाही.

आपल्यापैकी अनेक जण आज मोबाइलवर अशीच एखादी भाषा शिकतायत. कुणाला शिकायला जायचंय, कुणाला नोकरी हवीय, कुणी सहज. ॲप आपल्याला विचारतं, काल किती धावलात, आणि बरोबर उत्तराला टिंग वाजतं. त्या धड्याला नावं ठेवायची नाहीत. रूपं तिथेच पाठ होतात. पण पुस्तकं वाचायला लागेपर्यंत ती रूपं रिकामीच असतात. ‘माझे वडील डोंगरात चालायचे’ हे वाक्य मी तिसऱ्या आठवड्यातच बरोबर लिहिलं होतं. त्यात ‘चालले’ का नाही आणि ‘चालायचे’च का, हे कळलं ते गिन्झबुर्ग वाचल्यावर.

तुम्ही शिकत असाल तर आधी ‘इन्व्हेर्नो इन आब्रुत्सो’ वाचा. मोजून काही पानांचं आहे, शब्द सोपे आहेत. शब्दकोश जवळ ठेवा, आणि प्रत्येक क्रियापदापाशी थांबून स्वतःला विचारा, हे संपलंय की नाही.