मृत्युलेखात नसलेला मुलगा

आपल्याकडच्या निधनवार्तांचा साचा ठरलेला असतो. आधी कर्तृत्व, मग मनमिळाऊ स्वभाव, मग 'कुटुंबवत्सल' हा शब्द आणि शेवटी 'त्यांच्या पश्चात पत्नी, मुलं, नातवंडं असा परिवार आहे'. हे शेवटचं वाक्य घरच्यांशिवाय कोणी नीट वाचत नाही. नथॅनिएल काहनने असंच एक वाक्य वाचलं आणि पुढे त्यातून एक अख्खी डॉक्युमेंटरी उभी राहिली.

'माय आर्किटेक्ट' (२००३) सुरू होते ती एका मृत्युलेखापासून. मार्च १९७४ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ने लुई काहन या थोर अमेरिकन वास्तुरचनाकाराच्या निधनाची बातमी छापली. त्यांच्या पश्चात पत्नी आणि एक मुलगी असल्याचं त्यात म्हटलं होतं. नथॅनिएल तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो काहन यांचा मुलगा होता, आणि त्याचं नाव त्यात नव्हतं.

काहन यांची तीन घरं होती. पत्नी एस्थर आणि मुलगी स्यू अ‍ॅन. त्यांच्या ऑफिसातली आर्किटेक्ट अ‍ॅन टिंग आणि तिची मुलगी अलेक्झांड्रा. लँडस्केप आर्किटेक्ट हॅरिएट पॅटिसन आणि तिचा मुलगा नथॅनिएल. तिन्ही घरं फिलाडेल्फियात, एकमेकांपासून काही मैलांवर. अहमदाबादहून परतताना न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनवर हृदयविकाराच्या झटक्याने काहन गेले, तेव्हा त्यांचं ऑफिस कर्जात बुडालं होतं आणि त्यांचा मृतदेह दोन-तीन दिवस बेवारस पडून होता. पासपोर्टवरचा पत्ता त्यांनी खोडला होता, असं फिल्म सांगते. हॅरिएटने त्याचा अर्थ असा लावला की ते आता कायमचे आपल्याकडे राहायला येणार होते. मुलाला तितकी खात्री नाही. तो आईशी वाद घालत नाही, पण तिचं म्हणणं मान्यही करत नाही. कॅमेरा तेवढ्यावर थांबतो, आणि ते योग्यच आहे.

वडिलांवर फिल्म काढणाऱ्या मुलापुढे दोन सोपे रस्ते असतात: आरती ओवाळायची किंवा उट्टं काढायचं. नथॅनिएल दोन्ही टाळतो. तो वडिलांना ओळखणाऱ्या माणसांकडे जात राहतो. आय. एम. पेई म्हणतात, पन्नास-साठ इमारतींपेक्षा तीन-चार अस्सल कलाकृती मोलाच्या. फिलाडेल्फियाचे नगररचनाकार एडमंड बेकन अजूनही काहनवर चिडलेले आहेत. आपल्या पुण्यात जन्मलेले आणि आयआयएम अहमदाबादच्या कामासाठी काहनना भारतात आणणारे बाळकृष्ण दोशी त्यांच्याबद्दल एखाद्या साधकाबद्दल बोलावं तसं बोलतात. प्रत्येकाचा काहन वेगळा आहे. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटच्या मोकळ्या चौकात नथॅनिएल रोलर स्केट्स घालून एकटाच फिरत राहतो. वडिलांच्या घरात मुलाने खेळावं, इतकी साधी गोष्ट. ती त्याला मिळते एका संशोधन संस्थेच्या अंगणात, वडील गेल्यानंतर पंचवीसेक वर्षांनी.

माझी तक्रार वेगळी आहे. फिल्मला या बायकांचं वाट पाहणं जितकं दिसतं, तितकं त्यांचं काम दिसत नाही. अ‍ॅन टिंग हार्वर्डमधून आर्किटेक्चर शिकलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी होती. येल आर्ट गॅलरीचं त्रिकोणी रचनेचं छत आणि ट्रेंटनचं बाथहाउस यांच्या भूमितीवर तिच्या विचारांची छाप स्पष्ट आहे. किंबेल म्युझियमच्या परिसररचनेत हॅरिएटचा हात होता. फिल्म हे सांगते, पण धावतं सांगते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे कुठली ओळ कोणी लिहिली याची नोंद आपोआप राहते. इमारतीवर एकच नाव कोरलं जातं. मृत्युलेखाने मुलांची नावं गाळली, तशी वास्तुकलेच्या इतिहासाने या दोघींची बराच काळ गाळली, आणि दोन्ही गाळण्यांमागचं कारण एकच होतं: एकट्या महापुरुषाची गोष्ट सांगायला सोपी जाते. मुलाने पहिली चूक पकडली, दुसरीकडे त्याचं पुरेसं लक्ष गेलं नाही.

फिल्मचा शेवट ढाक्याला होतो. काहन यांच्या मृत्यूनंतर पूर्ण झालेलं बांगलादेशचं संसद भवन. या इमारतीला फिल्ममध्ये दहा मिनिटं मिळतील, असं कळल्यावर बांगलादेशी आर्किटेक्ट शम्सुल वारेस आधी अस्वस्थ होतात. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणतात की या माणसाने जगातल्या एका गरीब देशाला लोकशाहीची वास्तू दिली, आणि सगळ्यांवर प्रेम करणाऱ्याला कधीकधी जवळची माणसं दिसत नाहीत. प्रेक्षक इथे रडतात. मलाही भरून आलं. पण ही क्षमा देतंय कोण? ज्यांना इमारत मिळाली, ते. ज्यांना रविवारी वडील मिळाले नाहीत, त्यांच्या वतीने ती कोणी देऊ शकत नाही. वारेस यांचं दुःख आणि कृतज्ञता खरी आहे, पण त्यातून निघणारा हिशेब खोटा आहे. काहन घरी वेळेवर गेले असते तर ढाक्याची भिंत वाकडी झाली असती, असं कोणीही सिद्ध केलेलं नाही. 'मोठ्या कामासाठी घराचा बळी' हे समीकरण आजही आपल्या ऑफिसांत कौतुकाने सांगितलं जातं. या फिल्मचा आधार घेऊन ते सांगू नये.

फिल्ममध्ये एका घरात तिन्ही भावंडं एकत्र बसतात आणि आपण एक कुटुंब आहोत का, याचा विचार करतात. त्यांना ठाम उत्तर सापडत नाही. फिल्मनंतर सतरा वर्षांनी त्याच प्रश्नाला एक वेगळं वळण मिळालं. डिसेंबर २०२० मध्ये आयआयएम अहमदाबादने काहन यांच्या अठरा वसतिगृहांपैकी चौदा पाडायचं ठरवलं. जगभरातून विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत स्यू अ‍ॅन, अलेक्झांड्रा आणि नथॅनिएलही होते. वडिलांच्या त्या विटांच्या इमारती पाडू नका, असं पत्र तिघांनी मिळून संस्थेला लिहिलं. १ जानेवारी २०२१ ला संस्थेने तो निर्णय मागे घेतला. पुढे २०२२ मध्ये काही इमारती पाडून नव्याने बांधायचा विषय पुन्हा निघाला, म्हणजे इमारतींची काळजी संपलेली नाही.

पण त्या पत्राखाली तिघांची नावं एकत्र होती. वडिलांनी ती कधी एकत्र येऊ दिली नव्हती, वर्तमानपत्राने छापली नव्हती. काहन कुटुंबवत्सल नव्हते. कुटुंब झालंच असेल, तर ते मुलांनी स्वतः केलं, आणि त्याचं श्रेय वडिलांच्या नावावर टाकू नये.