धर्मांतरिताची ओळख : ‘अरुणोदय’ व ‘स्मृतिचित्रें’ यांचें साधन या दृष्टीनें परीक्षण

जुन्या दप्तरांत धर्म बदललेला माणूस आढळतो तो बहुधा दुसऱ्याच्या अक्षरांत. नेताजी पालकराचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. इ. स. १६६७ त औरंगजेबाच्या हुकमानें त्यास मुसलमान करण्यांत आलें व मुहंमद कुलीखान हें नांव देण्यांत आलें. १६७६ त तो शिवाजी महाराजांकडे परत आला व प्रायश्चित्त घेऊन शुद्ध झाला. जेधे शकावलीकार ही गोष्ट नोंदतो ती ‘नेताजी पालकर’ या जुन्या नांवानेंच. मोगल दरबारास जो कुलीखान, तोच मावळच्या नोंदींत नेताजी. मधलीं नऊ वर्षें तो स्वतःस काय म्हणवीत होता, नमाजास उभा राहतांना त्याच्या मनांत काय येत होतें, हें या नोंदींस विचारण्यांत अर्थ नाहीं. नोंद करणारास त्याच्याशीं कर्तव्यच नव्हतें. माणूस कोणाचा, एवढेंच त्यास लिहावयाचें होतें.

ही स्थिति मराठींत एकोणिसाव्या शतकांत पालटली. धर्मांतर केलेला माणूस आतां स्वतःच्या हातानें लिहूं लागला व तें छापूंही लागला. अशा लेखनांतील दोन ग्रंथ येथें तपासावयाचे आहेत : बाबा पद्मनजी यांचें ‘अरुणोदय’ (१८८८) व लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ (१९३४ ते १९३६). दुसऱ्यास वाङ्मय म्हणून मान मिळाला आहे. पहिलें मिशनचें पुस्तक म्हणून संग्राहकांच्या फडताळांत खालच्या कप्प्यांत पडतें. दोहोंसही साधन म्हणून जी कसोटी लावावयास पाहिजे ती क्वचितच लावली जाते. धर्म बदलल्यानें माणसाची ओळख बदलते काय, याचें उत्तर लेखकाच्या प्रतिज्ञांवरून न घेतां त्याच्या लेखनाच्या घडणीवरून घ्यावें, असें आमचें मत आहे. त्या रीतीनें पाहतां हे दोन ग्रंथ निरनिराळी साक्ष देतात.

प्रथम, ज्या भूमीवर हे लेखक उभे होते ती थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. १८४३ त मुंबईंत शेषाद्रि बंधूंचें प्रकरण गाजलें. थोरला नारायण ख्रिस्ती झाला. धाकटा श्रीपत अल्पवयी म्हणून न्यायालयानें त्यास बापाच्या हवालीं केलें. पण बापाच्या घरीं गेला म्हणून तो ब्राह्मण राहिला काय? मिशनऱ्यांच्या घरीं राहून आलेल्या मुलास पंक्तीस घ्यावें कीं नाहीं यावर मुंबई-पुण्यांत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर त्यास परत घेण्याच्या बाजूस होते व त्याबद्दल त्यांनाही पुष्कळ सोसावें लागलें. या मुलाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्याची श्रद्धा कोणीच विचारीत नव्हतें; त्याचें अन्न विचारलें जात होतें. पुढें १८५० च्या कायद्यानें धर्म सोडणाराचा वारसाहक्क बुडत नाहीं असें ठरलें. म्हणजे सरकारच्या दृष्टीनें पूर्वीचा मुलगा तोच मुलगा राहिला. जातीच्या दृष्टीनें तो मेला. एकाच माणसाचीं हीं दोन उत्तरें एकाच गांवांत एकाच वेळीं खरीं होतीं.

बाबा पद्मनजी हे बेळगांवचे, जातीनें कासार, जन्म १८३१ चा. मिशनच्या शाळेंत शिकले, मुंबईस आले आणि १८५४ त ख्रिस्ती झाले. ‘अरुणोदय’ त्यानंतर चौतीस वर्षांनीं छापलें आहे. साधनपरीक्षकानें पहिली नजर या अंतरावर ठेवावी. ग्रंथाचें नांवच निवाडा सांगतें : अरुणोदय झाला म्हणजे आधीं रात्र होती. लेखकानें आपलें बाळपण त्या रात्रींत बसविलें आहे. घरचीं व्रतें, देवपूजा, यात्रा, भुताखेतांची भीति, हें सर्व तपशिलानें येतें, परंतु तें येतें तें पुढील प्रकाशाचा पुरावा म्हणून. बेळगांवांतील मुलगा सणास आनंदला असेल तर तो आनंद प्रौढ लेखकाच्या लेखणीखालीं अज्ञानाचा दाखला होतो. मुलाचें तोंड आणि प्रौढाचा आवाज, असा हा प्रकार आहे. त्यांतून मुलाचा आवाज वेगळा काढतां येईल अशा भ्रमांत संशोधकानें राहूं नये.

पण याच दोषांतून ग्रंथाचें मोल निघतें, हें आम्हांस विशेष वाटतें. जो घरांतच राहिला तो घराचें वर्णन करीत बसत नाहीं. उंबरठा ओलांडलेल्यासच उंबरठा दिसतो. त्या काळच्या मध्यम स्थितींतील कासाराच्या घरीं धर्म कसा चाले हें कोणा धर्मनिष्ठ कासारानें लिहून ठेवण्याचें कारण नव्हतें. बाबांस तें होतें. जें टाकलें त्याचा इतका बारीक जमाखर्च ठेवणारा माणूस त्यापासून पुरता सुटला होता काय, हा प्रश्न वाचकाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

ग्रंथांतील सर्वांत मोलाचा भाग परमहंस सभेचा. ही सभा १८४९ च्या सुमारास मुंबईंत दादोबा पांडुरंग प्रभृतींनीं काढली. जातिभेद मोडावयाचा, पण गुप्तपणें, असा तिचा बेत होता. १८६० च्या सुमारास सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं आणि सभा मोडली. बाबा तिचे सभासद होते, म्हणून आंत बसलेल्या माणसाचा हा दाखला आहे. परजातीयाच्या हातचा पाव खाऊन सभासद व्हावयाचें आणि घरीं जाऊन मुकाट्यानें पूर्वीच्याच पाटावर बसावयाचें, ही रीत बाबांस पुढें पटेना. ख्रिस्ती लेखक म्हणून ते या मंडळीस भेकड ठरवितात. तो भाग सोडून द्यावा. परंतु त्यांची एक ओढ खरी दिसते. आंत एक आणि बाहेर एक असें राहणें त्यांस असह्य झालें होतें. परमहंसांनीं मत बदललें व नांव राखलें. बाबांनीं तें मत चारचौघांत उघड करून जातीस मुकणें पत्करलें. त्यांच्या धर्मांतरांत ख्रिस्तावरील श्रद्धेइतकीच, आपण एकच माणूस असावें ही भूक होती, असें आम्ही समजतों. बाबा स्वतः तें या शब्दांत कबूल करणार नाहींत. ते सारें श्रेय कृपेस देतील.

आणि नांव? ‘बाबा पद्मनजी’ हें नांव त्यांनीं बाप्तिस्म्यानंतरही तसेंच ठेविलें. काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ त ख्रिस्ती होऊन नेहेम्या झाले. बाबांनीं तसें कांहीं केलें नाहीं. बापाचें नांव मुखपृष्ठावर राहिलें आणि त्याच नांवानें ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हें हिंदु विधवांच्या दुःखाचें पुस्तक व मोल्स्वर्थच्या कोशाचा संक्षेप (१८६३) निघाला. जातीबाहेर गेलेल्या माणसानें जातीच्या विधवांसाठीं रडावें आणि जातवाल्यांच्या भाषेचे शब्द मोजीत बसावें, यांतला विरोध ‘अरुणोदया’च्या रात्र-दिवसांत बसत नाहीं. म्हणून तो ग्रंथ एकटा वाचूं नये. बाबांच्या बाकीच्या लेखनाशेजारीं ठेवून वाचावा.

‘स्मृतिचित्रां’ची घडण अगदीं निराळी. नारायण वामन टिळक फेब्रुवारी १८९५ त मुंबईस ख्रिस्ती झाले. पत्नीस न सांगतां झाले. पुढें कांहीं वर्षें ताटातूट झाली, मग लक्ष्मीबाई मुलास घेऊन त्यांच्याकडे गेल्या. तेथेंही त्यांनीं आपली चूल व पाणी वेगळें ठेविलें, आणि १९०० त त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. या कथेंत धर्मांतर प्रथम येतें तें दुसऱ्याचें, आणि आपत्ति म्हणून. बाबा वाट शोधीत होते. बाईंच्या पायाखालची वाट दुसऱ्यानें काढून घेतली होती.

यावरून एक गोष्ट सुचते ती पुरुषांच्या आत्मचरित्रांवरून सुचली नसती. लक्ष्मीबाई जन्मानें नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनू गोखले. १८८० त लग्न झालें, तेव्हां नांव गेलें, कुळ गेलें, गोत्र गेलें. अकरा-बारा वर्षांच्या मुलीस कोणी विचारलें नाहीं. ओळख बदलण्याचा पहिला संस्कार त्यांच्यावर झाला तो लग्नाचा. बाप्तिस्म्याच्या वेळीं मात्र नांव ‘लक्ष्मी’च राहिलें. जो विधि धर्माचा म्हणून सर्वांच्या डोळ्यांवर येतो त्यानें त्यांचें कमी बदललें, आणि ज्यास कोणी धर्मांतर म्हणत नाहीं त्यानें अधिक. एखाद्या बाईचें नांव दोन कागदांत दोन प्रकारें आढळलें कीं धर्म शोधावयास निघणाऱ्यांनीं आधीं लग्नपत्रिका शोधावी.

सोवळ्याचें प्रकरणही पाहावें. माहेरीं वडिलांचें सोवळें पराकोटीचें. त्याचें वर्णन बाई करतात तें हंसत, पण बापाची कींव येईल अशा हंसण्यानें. तें सोवळें उपजत नव्हतें. १८५७ च्या धामधुमींत घरच्या जवळच्या माणसास फांशी झाली, त्या धक्क्यानंतर तें वाढलें, हें त्या आरंभींच सांगतात. बाबांच्या लेखनांत अशी आपत्ति आणि असा आचार यांची जोड क्वचितच येते, कारण तेथें आचार हा अज्ञानाचा. येथें आचार हा दुःखाचा. पुढें जातिभेद देवानें केला कीं माणसानें हा विचार एके दिवशीं मनांत घोळला आणि कोणाच्याही हातचें खाण्याचा निश्चय झाला, असें बाई सांगतात. हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधींचा आहे, हें महत्त्वाचें. विधि मागाहून आला. माणूस पंक्तीच्या प्रश्नावर आधींच बदलला होता.

आणखी एक बारीक खूण. बाई नवऱ्यास ग्रंथभर ‘टिळक’ म्हणतात. कीर्तनाची गोडी असलेले टिळक, घर सोडून अचानक निघून जाणारे टिळक, ख्रिस्ती झालेले टिळक, सारे एकच शब्द. स्वभावही तोच : उदार, उतावळा, खिशांतला शेवटचा पैसा देऊन मोकळा होणारा. बाईंस त्या माणसांत बाप्तिस्म्याची शीव दिसत नाहीं, कारण संसारांत त्याचा त्रास अलीकडे व पलीकडे सारखाच होता. खुद्द टिळक तुकारामाच्या मार्गानें आपण ख्रिस्ताकडे आलों असें मानीत, त्यांनीं अभंग व भजनें रचिलीं आणि १९१७ त ‘देवाचा दरबार’ काढला. मागच्यास रात्र म्हणण्याची गरज त्यांस बाबांइतकी भासली नाहीं. याचें कांहीं कारण काळांतही असेल : १८५४ च्या बेळगांवांत जी किंमत द्यावी लागली ती देणारास सर्व पूल जाळूनच जावें लागे.

तरी ‘स्मृतिचित्रें’ हीं निखळ साधन आहेत असें कोणी समजूं नये. विनोद हाही एक पडदाच आहे. ताटातुटीच्या वर्षांत जें भोगलें तें चाळीस वर्षांनीं हंसवीत सांगतांना किती गळलें असेल याचा अंदाज हंसणाऱ्या वाचकास येत नाहीं. बाबांचा निवाडा उघड असल्यामुळें त्यापासून सावध राहतां येतें; बाईंची माया वाचकास निःशस्त्र करते.

ज्यांच्या संग्रहीं अशा कुटुंबांचे कागद असतील त्यांनीं बाप्तिस्म्याच्या दाखल्यापाशीं थांबूं नये. घरखर्चाच्या वह्या, लग्नाच्या याद्या, भाऊबंदांस धाडलेलीं पत्रें व त्यांवरील मायने, हीं तपासावीं. ख्रिस्ती झालेला मुलगा बापास ‘तीर्थरूप’ लिहितो कीं आणखी कांहीं, आणि बाप उत्तर धाडतो कीं नाहीं, हें त्या मायन्यांवरून कळेल.