रुग्णाआधी सापडलेला विषाणू

लोणारच्या जुन्या देवळांत पाऊल टाकताच वटवाघळांचा उग्र वास येतो, हे बुलढाणेकरांना सांगायला नको. या शेजाऱ्यांविषयी नीट समजून घ्यायचे असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या देवेंद्र मौर्य, प्रज्ञा यादव आणि सहकाऱ्यांचा एक छोटा शोधनिबंध वाचावा. २०१४ साली ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’त तो प्रसिद्ध झाला. विषय आहे, महाराष्ट्रातल्या वटवाघळांत सापडलेला ‘मलसूर’ हा नवा विषाणू.

निबंधाचे पहिले सौंदर्य त्याच्या बांधणीत आहे. २०१०च्या पाहणीत रूसेटस लेशेनॉल्टी या फळे खाणाऱ्या, गुहांत वस्ती करणाऱ्या वटवाघळांचे नमुने तपासले गेले. त्यांतला विषाणू ‘व्हेरो ई-६’ या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशींत वाढला. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे रूप दिसले. शेवटी त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला. पेशींमुळे काहीतरी वाढते आहे हे कळले, सूक्ष्मदर्शकाने तो विषाणूच असल्याची खात्री दिली आणि आराखड्याने त्याचे कूळ सांगितले. प्रत्येक पुरावा आधीच्या पुराव्यात उरलेली शंका फेडतो.

खरा थरार आहे तो या कुळात. मलसूरचे जवळचे नातलग दोन. चीनमध्ये ताप येऊन रक्तातल्या प्लेटलेट्स घटणाऱ्या रुग्णांत सापडलेला एसएफटीएस विषाणू आणि अमेरिकेत, २००९ साली आजारी पडलेल्या मिसुरीतल्या दोन शेतकऱ्यांत सापडलेला हार्टलँड विषाणू. दोन्ही गोचिडांमार्फत माणसांत शिरतात. तिथे आधी माणूस आजारी पडला, मग कारणाचा शोध सुरू झाला. इथे रुग्ण कोणीच नाही आणि विषाणू मात्र हाती आहे. एवढी उत्कंठावर्धक सामग्री हाताशी असूनही लेखक भीतीचा सूर लावत नाहीत. हा विषाणू माणसाला आजारी पाडतो असे ते म्हणत नाहीत. त्याचा निसर्गातला वावर आणि माणसाला असलेला संभाव्य धोका अभ्यासला पाहिजे, एवढेच सांगून थांबतात. हा संयम मला या लेखनाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

पुढचे काम या निबंधाने दाखवलेल्या दिशेनेच व्हायला हवे. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह या दुसऱ्या विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे याच संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केले. प्रतिपिंडे म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण. मलसूरची तशीच खूण गुहांजवळ राहणाऱ्या, गुरे राखणाऱ्या, गोचिडांशी रोजचा संबंध असलेल्या माणसांच्या रक्तात आहे का, हे तपासल्याशिवाय वटवाघळांची पाहणी अर्धीच राहते.

म्हणून वाचकांना एक विनंती. वटवाघळांना हात लावू नका, पण त्यांना धूर करून हुसकूही नका. परागीभवन आणि बीजप्रसार करणारे हे प्राणी आपल्या रानाचे उपकारकर्ते आहेत. आणि उद्या आरोग्य पथक रक्ताचा नमुना मागायला दारात आले, तर हात पुढे करा.