चोवीस पुढे, अठ्ठावीस मागे

गिअरची सायकल बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी हँडलवर दोन्ही हात टेकून पुढचा शॉकअप दाबून बघतो. तो खाली जाऊन वर आला की त्याचं समाधान होतं. मग डिस्क ब्रेकची चकती, मग रंग, मग स्टिकर. पंधरा-वीस हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या माउंटन बाइकची जाहिरातही याच क्रमाने केलेली असते. माझ्या मते ही सायकल उलट्या टोकाकडून बघायला हवी. मागच्या चाकाशी उकिडवं बसावं, फ्रीव्हीलवरची सात चक्रं न्याहाळावीत आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दात मोजावेत. या किमतीच्या बऱ्याच सायकलींवर ते अठ्ठावीस भरतात. पुढे पायडलपाशी तीन चक्रं असतात, ४२, ३४ आणि २४ दातांची. चोवीसचं सगळ्यात आत, फ्रेमला लगटून. सपाटीवर राहणाऱ्याच्या सायकलीवर ते वर्षानुवर्षं कोरंच राहतं. पुढे २४ आणि मागे २८ ही जोडी म्हणजे या सायकलीचा गाभा. बाकी सगळी तिची सोबत.

ही जोडी समजून घ्यायला महाड-पोलादपूरसारखा मुलूख नाही. सावित्रीच्या खाडीची भरती महाडच्या उंबऱ्यापर्यंत येते, आणि ती सावित्री जिथे उगम पावते ते महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंच आहे. रस्त्याने हे अंतर साठेक किलोमीटर. उत्तरेला नाते, कोंझर, पाचाड करत रायगडाच्या पायथ्याला जाणारा रस्ता, पूर्वेला भोरकडे चढणारा वरंध, दक्षिणेला खेडकडे नेणारा कशेडी. खाडीच्या अंगाने जाणारी वाट सोडली तर महाडातून कुठेही निघा, पुढे चढच उभा. इथल्या जुन्या माणसांनी काळी दांड्याची सायकल चालवली ती गावातल्या गावात, किंवा महाड ते बिरवाडी अशा सोप्या पट्ट्यात. घाटाला ती हाताने ढकलायची, नाहीतर यष्टीच्या टपावर टाकायची. नव्वदीत ‘रेंजर’ आली, सरळ हँडलची आणि जाड टायरची. पोरांना तिचं वेड लागलं, पण तिला गिअर नव्हता. दिसायला ती डोंगराची होती, चढाला मात्र काळ्या सायकलीचीच बहीण.

फरक कुठे पडतो ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. काळ्या सायकलीला पुढे साधारण ४४ दात आणि मागे १८. चाक मोठं, अठ्ठावीस इंची. पायडलची एक फेरी पूर्ण झाली की सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. आपल्या चोवीस-अठ्ठावीसच्या जोडीवर, साडेसत्तावीस इंची चाक धरलं, तर त्याच एका फेरीत ती दोन मीटरसुद्धा जात नाही, पावणेदोनच्या थोडी वर थांबते. आता वीस मीटर गेल्यावर एक मीटर उंची देणारा चढ घ्या. सायकल आणि माणूस मिळून वजन नव्वद किलो. काळ्या सायकलीच्या पायडलवर सरासरी पंचवीस-सत्तावीस किलोंचा भार सतत द्यावा लागेल, आणि तोही दम न घेता. चोवीस-अठ्ठावीसवर तोच भार नऊ-दहा किलोंवर येतो. डोंगर तेवढाच आहे, काम एका कणानेही कमी झालेलं नाही. एकरकमी मागितलं तर देववत नाही, तेच हप्त्याने फेडता येतं. मिनिटाला साठ फेऱ्यांच्या चालीने तासाला पावणेसात किलोमीटर होतात. चालणाऱ्यापेक्षा थोडं जास्त, धावणाऱ्यापेक्षा बरंच कमी.

या वेगाचा आणि आंबेनळी घाटाचा मेळ मला फार आवडतो. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे, शिवभारत लिहिणाऱ्या कवीची. तिथून निघून कापड्यावरून रस्ता डोंगराला भिडतो आणि आंबेनळीने वाडा कुंभरोशीला, म्हणजे प्रतापगडाच्या फाट्याला, जाऊन पुढे महाबळेश्वर गाठतो. जुन्या इंग्रजी कागदांत याला मुंबईचा गव्हर्नर फिट्झगेराल्ड याचं नाव आहे. त्याची कारकीर्द १८६७ ते १८७२. त्याआधी वरखाली करायची ती पार घाटाने, पायी नाहीतर लादलेल्या बैलांबरोबर. एकोणिसाव्या शतकातले हे घाटरस्ते चाकांसाठी, मुख्यतः बैलगाडीसाठी काढले. भरली गाडी बैलांना ओढवेल एवढाच चढ ठेवायचा आणि त्यासाठी हवी तेवढी वळणं घ्यायची. आजही आपल्याकडच्या डोंगरी रस्त्यांच्या मानकांत विसात एक हाच नेहमीचा चढ धरलेला आहे. गाडीत बसलेल्याला ही आखणी कळत नाही, त्याला फक्त वळणं लागतात. चोवीस-अठ्ठावीसवर बसलेल्या माणसाच्या मांड्यांना ती कळते. आखणाऱ्याने कुठे सोंडेला वळसा घालून चढ हलका ठेवला, कुठे जागा न मिळाल्यामुळे नाइलाजाने कडक केला, वळणाच्या आतल्या कडेला रस्ता किती उभा होतो आणि बाहेरच्या कडेला किती सैल, हे सगळं पायडलमधून वर येतं. बैलाच्या ताकदीला बेतलेला रस्ता आणि माणसाच्या ताकदीला बेतलेलं दातांचं हे प्रमाण दीडशे वर्षांच्या अंतराने एकमेकांना चपखल बसतात.

वर चढताना उजव्या हाताच्या अंगठ्याखाली गिअर पडतो तेव्हा कान द्यावा. साखळी एका चक्रावरून मोठ्या चक्रावर जाताना एकच ‘खट्’ यायला हवा. कुरकुर करत राहिली, दोन चक्रांच्या मध्ये चाचपडत राहिली, तर वायर सैल झाली आहे. नव्या सायकलीची वायर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत सैलावतेच, त्यात सायकलीचा दोष काही नाही. मागच्या डिरेलरवर जिथे वायर आत शिरते तिथे खाचांची एक छोटी बोंडी असते. ती डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, पाव फेरा फिरवायची. पुन्हा पायडल मारून ऐकायचं. बहुतेक वेळा पाव फेऱ्यातच कुरकुर थांबते. स्वस्तातला डिरेलर महागड्याइतका झटकन काम करत नाही हे खरं, पण बोटाच्या एवढ्याशा हालचालीला तो मनापासून प्रतिसाद देतो. आणखी एक, चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर उतरवून घ्यावा. ऐन चढावर साखळीवर पूर्ण भार असताना अंगठा दाबला तर हे स्वस्त दात ओरडतात, आणि त्यांचं ओरडणं रास्त असतं.

स्वस्त माउंटन बाइककडे लोक महागड्या सायकलीची नक्कल म्हणून बघतात. तिच्या कुळाचा इतिहास मात्र नेमका उलटा आहे. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मॅरिन काउंटीत, सत्तरच्या दशकात काही तरुण जुन्या बाजारातून तीस-चाळीसच्या दशकांतल्या जाड टायरच्या श्विन सायकली उचलत आणि माउंट टॅमलपायसच्या परिसरातल्या कच्च्या वाटांवरून खाली सोडत. १९७६ साली त्यांच्यात ज्या उतारावर शर्यती सुरू झाल्या त्याचं नाव ‘रीपॅक’ पडलं. मागच्या हबमधला पायब्रेक उतारावर इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि खाली पोचल्यावर हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. वर जाताना ते सायकली ढकलत किंवा ट्रकमध्ये घालून नेत. गॅरी फिशरसारख्यांनी त्या भंगारातल्या सायकलींवर गिअर चढवले आणि मग ती सायकल आपल्या पायांनी वर जाऊ लागली. पुढे जो ब्रीझ, टॉम रिची यांनी खास फ्रेमी बांधल्या, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर आली, १९९६ ला अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या प्रकाराची शर्यत झाली. शॉकअप फार उशिरा आला, डिस्क त्याहून उशिरा. म्हणजे मूळ मजकूर एवढाच: जाड टायर, मजबूत फ्रेम आणि खालचा गिअर. आपल्या स्वस्त सायकलीत हा मजकूर पूर्ण छापलेला आहे. महाग सायकलीत त्याची आवृत्ती देखणी निघते, मजकूर तोच असतो.

टायरचंही तसंच. सव्वादोन इंचांच्या आतबाहेरचा गाठींचा टायर डांबरी रस्त्यावर घोंगावतो, पायातली थोडी ताकद खातो, आणि नेहमीच्या डांबरी वापरासाठी ही सायकल घेतली तर तो ओझंच वाटेल. पण महाड तालुक्यात डांबर संपायला फार वेळ लागत नाही. वाडीवरचा शेवटचा तुकडा खडीचा, मुरमाचा, नाहीतर नुसत्या तांबड्या मातीचा. दिवाळीनंतर भाताची कापणी उरकली की शेतांच्या कडेच्या वाटा टणक होतात, तेव्हा टायरमधली हवा थोडी उतरवून तीस-पस्तीस पीएसआयवर आणावी. टायर मातीला पसरून धरतो, बारीक खडे पोटात घेतो, हातांना बसणारे हिसके निम्मे होतात. पुढच्या शॉकअपपेक्षा हे काम टायर जास्त चोख करतो, असं मी स्पष्ट म्हणेन. या किमतीच्या शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग असते, तिला आवरणारं तेल नसतं. दाबली की ती तितक्याच जोराने उसळते, आणि चढावर उभं राहून पायडल मारलं तर तुमची अर्धी मेहनत चिमट्यातच डोलत राहते. साध्या, घट्ट चिमट्याची सायकल मिळाली तर तीच घ्यावी. वजनही वाचतं.

उन्हाळ्यात करवंदीच्या जाळ्यांतून गेलेल्या वाटेवर पंक्चर ठरलेलं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवावं. काटा बाहेरून तुटलेला असतो, आतून मात्र त्याचं टोक बोटाला लागतं. ते न काढता नवी ट्यूब घातली तर तीही चार पावलांवर बसते.

या सायकलीचा जो गुण दुकानात कुणी दाखवत नाही, तो हबमध्ये आहे. महागड्या हबमध्ये सीलबंद बेअरिंग असतं, बिघडलं की दाबून काढायचं आणि दुसरं बसवायचं. इथे सुटे छर्रे असतात. पुढच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना दहा-दहा, मागच्यात नऊ-नऊ आणि थोडे मोठे, पाव इंची. महाडचं पाणी कसं असतं हे २२ जुलै २०२१ च्या पुरात साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं, पण पावसाळ्यात पाणी बाजारपेठेत शिरणं महाडकराला नवं नाही. सावित्री आणि गांधारी एकाच वेळी फुगल्या की गाळ घराघरांत येतो. गाळाच्या पाण्यात बुडालेली मोटारसायकल हजारोंचं काम काढते. बुडालेली ही सायकल दोन पातळ पान्यांवर उघडते. कोन सैल केला की छर्रे तळहातावर गळतात, ग्रीसमध्ये कालवलेली चिकणमाती दिसते. डिझेलमध्ये धुवायचं, वाटी बोटाने पुसून खड्डा पडला आहे का ते बघायचं, नवं ग्रीस थापून छर्रे एकेक करून त्यात रुतवायचे. बाजारपेठेत सायकलीचं दुकान चालवणारे एक काका हे करताना मी पाहिले आहेत. कोन आवळून झाल्यावर त्यांनी आस दोन बोटांत धरून फिरवला आणि म्हणाले, “खेळ राहिला नाय पायजे आणि अडला पण नाय पायजे. दोन्हीच्या मधी एक जागा असते, ती हाताला समजते.” छर्र्यांची किंमत नगण्य. कंपनीचा सुटा भाग मुंबई-पुण्याहून मागवावा लागत नाही. काळ्या सायकलीवर हात बसलेल्या कारागिराला या सायकलीचा निम्मा भाग ओळखीचाच आहे, आणि तालुक्याच्या गावी सायकल बाळगायची तर हा मोठा आधार आहे.

उणं आहेच. प्लॅस्टिकचं पायडल ओल्या बुटाला धरत नाही, ते आधी बदलावं. डिस्क ब्रेकमध्ये एकाच बाजूचा पॅड हलतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचा झिजेल तसा पुढे आणत राहावं लागतं. आंबेनळीसारख्या लांब उतारावर ब्रेक सलग दाबून धरू नये, दोन्ही आळीपाळीने घ्यावेत म्हणजे चकतीला थंड व्हायला उसंत मिळते. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड कंपनी बऱ्याचदा देत नाही, आणि लावले तर सायकलीची शान जाते असं पोरांना वाटतं. इथल्या पावसाला मडगार्ड हवंच. कॅरिअरवर डबा, रेनकोट आणि पंप बांधून कामाला जाणाऱ्याची माउंटन बाइक मला सजवून ठेवलेल्या सायकलीपेक्षा जास्त देखणी दिसते.

ऐन पावसाळ्यात मात्र घाट हा हौसेचा विषय नाही. २०२१ मध्ये ज्या दिवशी महाडात पाणी भरलं त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. दरडी वरंधला येतात, आंबेनळीलाही येतात, रस्ते बंद होतात. जून ते सप्टेंबर सायकल महाड, बिरवाडी, नाते अशी खालीच फिरवावी, तीही पावसाने उघडीप दिलेली असताना. चढाचे दिवस नोव्हेंबरपासून. तोवर हब धुऊन, वायर बदलून घ्यायला वेळ असतो, आणि जमलं तर मागचं फ्रीव्हील १४-३४चं टाकून घ्यावं. पुढे २४ आणि मागे ३४ म्हटल्यावर एका फेरीत सायकल दीड मीटरच्या आसपास सरकते, आणि वाडा कुंभरोशीहून प्रतापगडाकडे वळणारा तुकडाही बसल्या बसल्या चढवतो. फक्त मागचा डिरेलर चौतीस दातांना पुरतो का आणि साखळी दोन कड्यांनी वाढवावी लागेल का, हे पैसे मोजण्याआधी दुकानातच सायकल उलटी उभी करून बघून घ्यावं.