‘भाषांतरण’ ही संज्ञा आणि सिनॅप्सवरील रायबोझोम

पेशीत प्रथिने कशी घडतात याचे वर्णन करताना जीवशास्त्राने भाषाव्यवहारातून अनेक शब्द उसने घेतले: संकेत, संदेश, प्रतिलेखन, भाषांतरण. मराठी क्रमिक पुस्तकांतही ते आता रूढ झाले आहेत. उसनवारीस आक्षेप नाही. परंतु रूपकाने गृहीत धरलेली गोष्ट पुढे वस्तुस्थिती म्हणून वावरू लागली, म्हणजे परीक्षण आवश्यक ठरते. सिनॅप्सपाशी, म्हणजे दोन चेतापेशींच्या संपर्कस्थानी, आढळणाऱ्या रायबोझोमी प्रथिनांची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९८२ साली ऑस्वल्ड स्टूअर्ड व विल्यम लेव्ही यांनी वृक्षिकांवरील कंटकांच्या तळाशी रायबोझोमांचे पुंजके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले. केंद्रकापासून इतक्या दूर प्रथिने घडत असावीत, ही कल्पना त्यामुळे दृढ झाली. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतावर्धक द्रव्यांनी सिनॅप्सचे बल वाढते, त्यास जागच्या जागी होणारी प्रथिननिर्मिती लागते, हे ह्येजिन कांग व एरिन शूमन यांनी १९९६ मध्ये दाखविले. यानंतर एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. वृक्षिकांत व अक्षतंतूंत जे संदेशवाहक आर.एन.ए. सापडले, त्यांत खुद्द रायबोझोमाच्या घटक प्रथिनांचे संदेशही होते. मानवी रायबोझोमात अशी ८० प्रथिने असतात आणि त्यांची जुळणी मुख्यत्वे केंद्रकीत होते. मग सुटे भाग सिनॅप्सजवळ कशासाठी घडावेत?

प्रश्न चमत्कारिक वाटला, याचे थोडे श्रेय ‘भाषांतरण’ या संज्ञेकडे जाते. भाषांतरकार मजकूर बदलतो, स्वतः बदलत नाही, अशी समजूत तीत दडलेली आहे. (प्रत्यक्ष भाषांतर करणाऱ्यांना ती मान्य होणार नाही, ही गोष्ट वेगळी.) शिवाय संज्ञा मुळातच चुकीच्या जागी बसली आहे. कोणत्या त्रयीस कोणते अमिनो आम्ल, हा कोश रायबोझोमापाशी नसतो. योग्य आम्ल योग्य वाहक आर.एन.ए.ला जोडणाऱ्या विकरांपाशी तो असतो. रायबोझोम हा भाषांतरकारापेक्षा छापखान्यातील खिळेजुळाऱ्यास जवळचा. त्याची अवजारे झिजतात, बदलावी लागतात, असे म्हटले तर कोणास नवल वाटणार नाही.

२०१९ मध्ये क्रिस्टीन होल्ट यांच्या गटाने बेडकाच्या दृष्टिपटलातून निघणाऱ्या अक्षतंतूंत नेमके हेच दाखविले: तेथे घडलेली रायबोझोमी प्रथिने जुन्या रायबोझोमांत सामील होतात, आणि त्यांपैकी एकाची स्थानिक निर्मिती रोखली असता तेथील प्रथिननिर्मिती व तंतूच्या शाखा दोन्ही घटतात. २०२१ मध्ये फ्रँकफुर्ट येथील शूमन यांच्या गटास चेतापेशींत काही रायबोझोमी प्रथिनांची अशी अदलाबदल सतत चालू असल्याचे, व ऑक्सिडीकारक ताणाने तिचे प्रमाण बदलत असल्याचे आढळले.

या निष्कर्षांवरून ‘विशेषीकृत रायबोझोम’, म्हणजे विवक्षित संदेशच निवडून घेणारा रायबोझोम, सिद्ध झाला असे मानण्याकडे काही लेखनाचा कल दिसतो. ही घाई होय. घटक बदलतो एवढे दिसले. बदललेला घटक निवड करतो हे त्यातून निघत नाही. ताणाने बिघडलेल्या भागाची डागडुजी, हे साधे स्पष्टीकरण तितकेच संभवते. निर्णयासाठी एकाच प्रथिनाच्या बदलाने कोणते संदेश अधिक वाचले जातात व कोणते मागे पडतात, हे त्याच सिनॅप्सपाशी मोजावे लागेल.