टाळेबंदीतील आवडीनिवडी

आपल्याला आवडलेली गोष्ट दुसऱ्याला सांगितल्यावाचून मराठी माणसाला चैन पडत नाही. नाटक पाहून आलेला गृहस्थ निम्मे नाटक ओसरीवर करून दाखवतो. घरात दिवाळी अंक आला की तो वाचून संपण्याआधीच त्यातल्या एखाद्या कथेची वर्दी शेजारी पोहोचलेली असते. २०२० साली २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली, आणि या हौसेवर मोठा चमत्कारिक प्रसंग ओढवला. सांगायला वेळ पुष्कळ, पण ऐकणारा दाराबाहेर! मग यवतमाळचा माणूस वणीच्या मेहुण्याला, पुसदची आत्या पुण्याच्या भाचीला आणि ती भाची पांढरकवड्याच्या आजोबांना दूरध्वनीवरून कळवू लागली, ‘हे पाहाच’, ‘ते ऐकाच’. आमच्या जिल्ह्यात तर हे प्रकरण फार लांबले. इतर ठिकाणी माणसे जरा मोकळी हिंडू लागली होती, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये वऱ्हाडात रुग्ण पुन्हा वाढले आणि यवतमाळकरांच्या पायांत निर्बंधांची बेडी दुसऱ्यांदा पडली.

शिफारस ही टीकेची सर्वांत लहान आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक जात आहे. छापील टीकाकाराचे मत चुकले तरी त्याच्या घरी कोणी विचारायला येत नाही. पण मेहुण्याला भलतीच मालिका पाहायला लावली, तर ‘भाऊ, काहून माह्या दोन राती घालवल्या?’ हे दुसऱ्याच दिवशी ऐकून घ्यावे लागते. त्या दिवसांना आता काही वर्षे लोटली. तेव्हा हातोहात फिरलेल्या त्या आवडी फराळाच्या निवांतपणी एकदा पुन्हा उघडून पाहाव्यात असे मनात आले. प्रश्न एवढाच आहे. तेव्हा आपल्याला जे आवडले ते चांगले होते म्हणून आवडले, की आपण भ्यालो होतो म्हणून?

पहिला मान अर्थातच रामायणाचा. रामानंद सागर यांची १९८७ सालची ही मालिका दूरदर्शनने २८ मार्च २०२० पासून सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशी दोनदा पुन्हा दाखवायला घेतली. घरोघरी आजीपासून नातवापर्यंत सारे जण एका खोलीत गोळा होऊ लागले. कलाकृती म्हणून पाहिले तर या मालिकेत आज धरण्यासारखे थोडेच आहे. संवाद संथ, मुकुट पुठ्ठ्याचे वाटावेत असे, आणि कोणी आश्चर्य करायचे म्हटले की कॅमेरा दरबारातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जाऊन येणार. रवींद्र जैन यांच्या संगीताने मात्र पुष्कळ सावरून धरले आहे. पण लोकांना हवी होती ती वेळ. घड्याळाला अर्थ उरला नव्हता त्या दिवसांत नऊचा ठोका तेवढा खरा होता. आपल्या वडीलधाऱ्यांना हा अनुभव नवा नव्हता. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण आठवड्याला एक गीत असे वर्षभर चालले. एकंदर छप्पन्न गीते झाली. (आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, हे आज सांगून पटत नाही.) मात्र गीतरामायणासाठी लोक थांबले ते गाण्यासाठी, आणि आजही ते गाणेच ऐकले जाते. २०२० च्या रामायणासाठी लोक थांबले ते एकमेकांसाठी. दारे उघडली तशी बऱ्याच घरांत ती नऊची बैठक मोडली, आणि त्याबद्दल कोणी हळहळलेले निदान माझ्या कानांवर आले नाही.

तरुण मंडळींची शिफारस निराळी होती. ३ एप्रिल २०२० रोजी अ‍ॅमेझॉन प्राइमवर ‘पंचायत’ ही हिंदी मालिका आली. शहरात शिकलेला अभिषेक त्रिपाठी उत्तर प्रदेशातील फुलेरा या गावी ग्रामपंचायतीचा सचिव होऊन येतो, कार्यालयातच राहतो, आणि सुटका व्हावी म्हणून रात्री परीक्षेचा अभ्यास करतो. एवढाच कथाभाग, भाग आठ. प्रधान कागदोपत्री मंजूदेवी, कारभार तिच्या यजमानांचा. ‘सरपंचपती’ हा प्राणी आपल्याही परिचयाचा असल्यामुळे आमच्याकडे या मालिकेला हशा अंमळ जास्तच आला. चाकाच्या खुर्चीवरून लग्नघरात रुसवाफुगवी होते तो भाग तर कोणत्याही मराठी घराने आपल्याच मांडवातला म्हणून ओळखावा. नीना गुप्ता आणि रघुवीर यादव यांच्या अभिनयात कष्ट कुठे दिसत नाहीत, आणि विनोदासाठी कोणाला खाली पाहायला लावलेले नाही. घरातली सगळी माणसे एकत्र बसून पाहू शकतील अशा मालिका त्या वर्षी फार निघाल्या नाहीत, हेही खरे.

तरी या मालिकेबद्दल एक तक्रार आहे, आणि ती आमच्या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाने करायची नाही तर कोणी करायची? या खेड्यात शेती जवळजवळ दिसतच नाही. पाऊस लांबला, बियाणे उगवले नाही, सोसायटीचे कर्ज थकले, असली चिंता फुलेऱ्यातल्या माणसाच्या कपाळावर उमटत नाही. कोणाची जात काय, हेही फारसे जाणवू दिले जात नाही. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळच्या माणसाला असे गाव पाहून बरे वाटते ते सुट्टीवर गेल्यासारखे. टाळेबंदीत शहरांतून हजारो माणसे पायी गावाकडे निघाली होती, तेव्हा मध्यमवर्ग पडद्यावरच्या या बिनकर्जाच्या गावात विसावा घेत होता. ‘पंचायत’ टिकेल असे मला वाटते, पण ते तिच्या गावामुळे नव्हे. रात्री कार्यालयाच्या दारात एकटा बसलेला तो सचिव आणि त्याच्यासाठी घरून भाजी पाठवणारी माणसे, यांच्यातले अवघडलेले प्रेम तिने नेमके टिपले आहे.

पुस्तकांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रातील ग्रंथालये १५ ऑक्टोबर २०२० पर्यंत बंद होती. एप्रिलमध्ये तर वृत्तपत्रे घरोघर टाकण्यावरही काही दिवस बंदी होती. म्हणजे वाचायचे ते घरच्या कपाटात असेल तेच. कपाटात काय असते? मुलांची क्रमिक पुस्तके, एखादी पोथी, जुने दिवाळी अंक आणि ‘श्यामची आई’. हे पुस्तक रडके आहे असा आक्षेप शहाणी माणसे कधीपासून घेत आली आहेत. एका बैठकीत मनातल्या मनात वाचून काढले तर तो बराचसा खराही वाटतो. पण पुस्तकाची घडणच तशी नाही. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले, आणि त्यात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. श्याम रोज रात्री सोबत्यांना एक आठवण सांगतो आणि थांबतो. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ उभी राहिली. कोंडलेल्या माणसांनी कोंडलेल्या माणसांना सांगितलेली अशी ही पुस्तके. ज्या घरात टाळेबंदीत ‘श्यामची आई’ एका रात्री एकच अशी मोठ्याने वाचली गेली, तेथे ती वेगळी ऐकू आली. मोठ्याने वाचताना श्यामच्या वडिलांची फजिती आणि कर्जाचा फास आधी कानांवर येतो, अश्रू नंतर. हे पुस्तक कर्जाविषयी आहे, हे आमच्या भागात तरी कोणाला समजावून सांगावे लागू नये.

आता संगीत. येथे मी थोडा रेंगाळणार आहे. २ मे २०२० हा डॉ. वसंतराव देशपांडे यांचा शंभरावा जन्मदिन. त्यांचा जन्म मूर्तिजापूरचा. यवतमाळहून निघणारी आपली अरुंद रुळांची शकुंतला गाडी जेथे जाऊन थांबे, ते हेच मूर्तिजापूर. वाटेत दारव्हा लागे. वसंतरावांचा खाँसाहेब ज्या ‘कट्यार काळजात घुसली’ने १९६७ साली अजरामर केला, त्या नाटकाचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, पण आडनाव दारव्ह्याचे. त्या कूर्मगतीच्या गाडीला मराठी रंगभूमीच्या इतिहासात एवढी जागा द्यायला हरकत नसावी. असो. शताब्दीचा दिवस उजाडला तेव्हा सभागृहांना कुलपे होती. मैफल भरायची ती मोबाईलमध्ये, आणि ध्वनिमुद्रणे या घरातून त्या घरात जाऊ लागली. नाट्यपदे अर्थातच सर्वांत पुढे. ती आनंद देतात, टाळी घेतात.

पण वसंतरावांचा मारवा ऐकावा तो अशा वेळी. लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे त्यांनी तो मन लावून घोटला होता. मारवा हा सूर्यास्ताचा राग. त्यात पंचम नाही, आणि षड्जावर गायक फार टेकत नाही. घर समोर दिसते आहे आणि पाय आत पडत नाही, अशी काहीशी अवस्था त्यात सतत राहते. वसंतरावांचा स्वभावच आक्रमक, तान कुठून उठेल आणि कुठे कोसळेल याचा नेम नाही. त्यामुळे त्यांच्या मारव्यात करुणेपेक्षा बेचैनी अधिक आहे. मे महिन्याच्या संध्याकाळी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, ही बेचैनी ऐकणाऱ्याला धीर देत नाही. ती त्याच्या मनात जे चालले आहे त्याला सूर देते. नाट्यपदे पाठवणारे शंभर भेटले असतील, मारवा पाठवणारा एखादाच. त्या एखाद्याची अभिरुची मी अधिक मानतो.

याच जातीची दुसरी कृती म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट. २०२० च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळाले, आणि ३० एप्रिल २०२१ रोजी, दुसरी लाट ऐन भरात असताना, तो नेटफ्लिक्सवर आला. शरद नेरुळकर हा मुंबईतला तरुण ख्यालगायनाला आयुष्य वाहतो. रात्री सुनसान रस्त्यांवरून दुचाकीने जाताना तो ‘माई’ नावाच्या थोर गायिकेची जुनी ध्वनिमुद्रित भाषणे कानांत ऐकत असतो. माई सांगतात त्याग, एकान्त, साधना. शरद सगळे करतो आणि तरीही त्याला गाणे येत नाही. आदित्य मोडक यांनी ही न येण्याची व्यथा चेहऱ्यावर फारसे काही न आणता दाखवली आहे.

‘फार संथ आहे’, ‘झोप आली’ असे अभिप्राय या चित्रपटाबद्दल मी पुष्कळ ऐकले. संथ तो आहेच. कॅमेरा एका जागी बसतो आणि मैफल आपल्यासमोर होऊ देतो. शरदची तान फसते ती आपल्याला गुरूच्या आधी ऐकू यावी, एवढा वेळ दिग्दर्शक देतो. पण खरा अडथळा वेगळा असावा. एकटेपणातून काहीतरी घडेल, नवी भाषा येईल, पेटी शिकून होईल, निदान एक कादंबरी तरी लिहून होईल, असा दिलासा त्या दोन वर्षांत जो तो दुसऱ्याला देत होता. हा चित्रपट म्हणतो की कोंडून घेतल्याने कलावंत होत नाही. ऐन टाळेबंदीत हे कोणाला ऐकायचे होते? आणखी एक गोष्ट. माईंचा आवाज आहे सुमित्रा भावे यांचा. त्या १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या, आणि अकराव्या दिवशी हा चित्रपट घरोघरी पोहोचला. शरदच्या कानांतला तो आवाज चित्रपटात गेलेल्या माणसाचा आहे. आपल्यापर्यंत आला तेव्हा तो खरोखरच तसा झालेला होता.

त्या दिवसांत कोणी कोणाला पाठवू शकले नाही अशी एक कलाकृती आमच्या मातीतली आहे. श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा स्वतःच त्यात काम करतात. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने झालेला वाद अजून सर्वांना आठवत असेल. अखेर उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, आणि त्या ‘तेरवं’मधल्याच. या बायकांच्या घराला लागलेली टाळेबंदी कोणा सरकारच्या आदेशाने आलेली नाही. नवऱ्याचा तेरावा झाला की हळदीकुंकवाचे बोलावणे थांबते, लग्नघरात मागे उभे राहावे लागते. ही टाळेबंदी उठल्याची तारीख कोणत्याही पत्रकात येत नाही.

नाटक म्हणून ‘तेरवं’ काही ठिकाणी सरळ भाषणाकडे झुकते, आणि तेवढ्यापुरते ते सैल पडते. पण भाषण संपून गाणे सुरू झाले की सांगणारी बाई आणि सोसणारी बाई एकच आहे, हे प्रेक्षकाला विसरता येत नाही. नटाच्या रडण्याला टाळी द्यायची सवय असलेला प्रेक्षक तेथे हात मांडीवर ठेवून बसतो. मोबाईलच्या चौकोनात हे आले असते तर कदाचित पुढे ढकलले गेले असते, जसे तेव्हा पुष्कळ काही ढकलले गेले. नाट्यगृहे ५ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली ती निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवण्याच्या अटीवर. ‘तेरवं’चा प्रयोग जवळपास कुठे लागल्याचे कळले, तर वाचकहो, घरातल्या मोठ्या मुलांना बरोबर घेऊन जा, आणि येताना त्यांना लगेच ‘कसे वाटले’ म्हणून विचारू नका.